बिब्ब्याच्या खुणा

पत्र आधी माझ्याच हातात आलं.
शाखा डाकघर, तळेझरी, चुलबंदीच्या काठी.
तिकिटावर राणी, तिच्या गालावर आमचा शिक्का.
आत छापील ओळी : माझे वडील लढाईत
तुमच्या गावच्या बॉम्बफेकी पथकात होते.
त्या पथकाचा इतिहास लिहिते आहे.
काही नोंदी असल्यास कळवावे.

नोंदी.
सातबाऱ्यावर अजून 'लष्कर' आहे,
गट एकशे चौदा, पोटखराब.
भेगांतून तरोटा उगवतो.
चैतात तिथं मोहफुलं वाळतात, दिवाळीनंतर धान.
पथकाचा नंबर कुणाला आठवत नाही.

पण बाई,
आमच्याकडे डोमाजी क्षीरसागर होता, वरठी.
अक्षर येत नव्हतं त्याला.
त्याची वही म्हणजे मांजरपाटाचा पट्टा,
वीतभर रुंद, बारा हात लांब,
सुनेनं अजून कोठीत ठेवलाय, धानाच्या वासात.
प्रत्येक गोऱ्याची त्यावर एक खूण, बिब्ब्याची :
तीन ठिपके. फुली. कावळ्याचा पाय.
उलटी चूल. विळा.
तीच खूण सदऱ्याच्या कॉलरमागे.
बिब्बा धुऊन जात नाही.
डोमाच्या बोटांवर उतला होता,
मरेपर्यंत ती बोटं काळी.

चार पंख्यांची विमानं. रात्री निघत
तेव्हा घराघरावरचे कवेलू दाताखाली खडा आल्यासारखे वाजत.
पहाटे डोमा गुडघाभर पाण्यात उभा, तोंड वर,
भागरथा विचारी, "किती?"
तो बोटं दाखवी.
नऊ गेली, आठ आली,
म्हणजे आठ-दहा माणसांचे कपडे
घडी घालून, इस्त्री मारून, घरात.
"मंग नेऊन द्याचे कोनाले?"

कोठारावरचे नायडूबाबू म्हणाले,
नव्या पोरांना दे, मापाचे असतील त्यांना.
डोमानं दिले.
जुन्या खुणेशेजारी नवी खूण टोचली.
असा एक सदरा आहे, मी पाहिलाय :
कॉलरमागे चार खुणा, एका ओळीत,
चौथीशेजारी जागा मोकळी.

तुमच्या इतिहासात टनांचे आकडे असतील,
कुठला पूल, कुठलं रेल्वेचं यार्ड.
इथं कुणाला ते कुणी सांगितलं नाही.
फक्त एकदा, विळा खुणेच्या पोरानं
(ओठांवर नुकती लव आलेली)
ओल्या रेतीत काडीनं काढून दाखवलं :
नदी, नदीवर पूल, काठाला घरं.
डोमानं घरांकडे बोट केलं.
मग हात वर नेऊन दगडावर कपडा आपटल्यासारखं केलं,
एकदा, दोनदा.
त्याला विचारायचं होतं,
तिकडं घाटावर आमच्यासारखं कोणी असते का?
पोराला वाटलं, हा सदरा मागतोय धुवायला.
हसत हसत त्यानं तिथंच अंगातला काढून दिला.

त्या रात्री नऊ गेली.
किती आली, ते डोमा सांगायचा नाही.
एवढंच म्हणे, "लय सदरे होते बाप्पा त्या हप्त्यात,"
आणि तंबाखू चोळत बसे.

मग लढाई सरली, तंबू निघाले,
ॲल्युमिनिअमचे पत्रे कोंबड्यांच्या खुराड्यांवर चढले.
उरलेले सदरे गावानं घातले.
आमच्या शाळेच्या फोटोत, छप्पन सालच्या,
मागच्या ओळीतली निम्मी पोरं
ढोपरापर्यंतच्या खाकी सदऱ्यांत उभी आहेत.
मीही. माझ्या मानेला बिब्ब्याचा डाग घासायचा.
कुणाचा, ते मी कधी विचारलं नाही.

तर बाई, वडिलांचं नाव लिहिलंत,
नावाचा इथं उपयोग नाही.
त्यांचा एखादा जुना सदरा पेटीत उरला असेल
तर कॉलर उलटी करून उजेडात धरा.
जी खूण दिसेल ती कागदावर काढून पाठवा,
जशीच्या तशी.
शेजारी दुसरी असेल तर तीही.
पट्टा बारा हातांचा आहे,
शोधायला दोन दिवस लागतील.

टपाल बुधवारी निघतं.